बोलावलेल्यांची यादी

परवा दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात एका कपड्यांच्या दुकानासमोर मी थांबले, कारण आतून माझ्या काकांचा आवाज येत होता. लटकवलेल्या जॅकेटांच्या मागे कुठेतरी स्पीकर दडलेला होता. आधी संबळाचा कोरडा कडकडाट आणि त्याच्या तळाशी घुमणारा दुसरा, ओला आवाज. मग काकांचा गळा: तुळजापूर, कोल्हापूर, माहूर. तीन ठिकाणच्या तीन देवी, त्यानंतर अर्ध्या श्वासाची शांतता, आणि मग छप्पर खाली यावं तशा गिटारी कोसळतात. दुकानातल्या दोन मुली त्या ठेक्यावर माना हलवत बाह्यांची लांबी पाहत होत्या. काकांचा भाग अडतीस सेकंदांचा आहे. मला आकडा पाठ आहे, कारण तो भाग कापला मी.

या गाण्याच्या माहितीत शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, हे सगळं नीट लिहिलेलं आहे. माझं नाव दोनदा आहे. काकांच्या भागापुढे मात्र एकच शब्द आहे: पारंपरिक. तो काढा, म्हणून मी बँडच्या गिटारवाल्याला फोन केला होता. तो म्हणाला, "ताई, पण पारंपरिकच आहे ना ते? त्यात काय चुकलं?" त्याच्या आवाजात खोट नव्हती. म्हणूनच मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि हातातला पेला जमिनीवर आपटला. पेला स्टीलचा होता. तोही फुटला नाही.

पारंपरिक म्हणजे ज्याचा पत्ता विचारावा लागत नाही असं काहीतरी. काकांचा पत्ता मी देऊ शकते. ते गाझियाबादला आमच्या घरात, बाल्कनीला लागून असलेल्या खोलीत राहतात. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फायली पुढे सरकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांचं बिऱ्हाड सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतं. आजूबाजूला मराठी घरं बरीच होती. घरात लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायला हवा, आणि दिल्लीत गोंधळी मिळायचा नाही. एकदा एका लग्नासाठी गावाकडून बोलावलेला गोंधळी इथेच तापानं आजारी पडला आणि तीन आठवडे काकांच्या क्वार्टरमध्ये राहिला. काकांनी त्याला पेज करून घातली. त्यानं काकांना संबळ शिकवलं. जाताना म्हणाला, "लोकांची अडचण होते, तर वाजवा. गळ्यात कवड्यांची माळ मात्र घालायची नाही. ती आमच्या घराण्याची." काकांनी ती कधीच घातली नाही. स्वेटर घालून गोंधळ घालणारा हा एकच माणूस मी पाहिला आहे.

गोंधळाच्या सुरुवातीला आवाहन असतं. ठिकठिकाणच्या देवतांना त्यांच्या गावाच्या नावानं हाक मारायची आणि या, बसा म्हणायचं. काकांनी त्यात आपली एक रीत घातली. ज्या घरी गोंधळ असेल, तिथे ते आदल्या दिवशी जाऊन बसत आणि विचारत, "तुमच्या गावच्या वेशीवर कोण आहे?" सांगितलेलं नाव कचेरीतल्या रद्दी कागदाच्या पाठीवर जांभळ्या शाईनं लिहून घेत. कुणाची पिंपळाखालची मरीआई, कुणाचा बांधावरचा म्हसोबा. सोलापूरकडच्या एका मुसलमान शेजाऱ्यांनी गावातला पीर सांगितला. शाळेत शिकवणाऱ्या एक ख्रिस्ती बाई म्हणाल्या, "आमच्याकडे असं कुणी नाही हो, पण चर्चच्या आवारात चिंच आहे, आजी तिच्याशी बोलायची." काकांनी चिंच लिहून घेतली. हिंदूराव इस्पितळाच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहणारं एक कुटुंब होतं, ग्वाल्हेरहून आलेलं. त्यांना गावच उरलं नव्हतं. त्यांनी इस्पितळामागच्या टेकडीवरचा एक शेंदरी दगड दिला, ज्याला नावसुद्धा नव्हतं. काका त्याला 'टेकडीवरचे' म्हणत, आदरार्थी बहुवचनात.

एकदा आलेलं नाव पुढे कधी गळायचं नाही. पुढच्या घरच्या गोंधळात मागच्या सगळ्या घरांचे देव आधी बोलावले जात. यादी अशी वाढत त्रेसष्टावर गेली. लहानपणी आम्ही ती ऐकता ऐकता झोपून जायचो. तेलकट धूर, उदाचा वास, तापलेल्या कातड्याचा किंचित मांसल वास, आणि त्यावर काकांचा सपाट आवाज, हजेरी घेतल्यासारखा. पुढे क्वार्टर पाडले. कुणी नोएडाला गेलं, कुणी पुण्याला, कुणी पार परदेशात. ज्या ओट्यांवर बसून ती नावं सांगितली गेली होती, ते ओटे राहिले नाहीत. चिठ्ठ्या राहिल्या, बिस्किटांच्या एका चौकोनी डब्यात.

गिटारवाला आमच्या आयुष्यात आला तो माझ्यामुळे. तो नोएडाचा, आईवडील नागपूरकडचे, मुलगा जन्मला-वाढला इथेच. त्याच्या मराठीतून शब्द गळून गेले होते. एखाद्या शब्दाशी अडला की तो हिंदीचं ठिगळ लावून पुढे जायचा आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही. बँडसाठी मी शब्द लिहायची आणि गायची. जुनं लोकसंगीत आणि प्रचंड आवाजाच्या गिटारी एकमेकांवर आदळायच्या, असं ते काम. कवितेत वाढलेल्या बाईला त्या आदळण्यात काय मिळालं, असं मला पुष्कळांनी विचारलं. मला त्यात छातीच्या पिंजऱ्याला ऐकू येणारा आवाज मिळाला. कविता वाचताना तो कधी मिळाला नव्हता.

गाझियाबादच्या कारखान्यांच्या भागात, जिथे पूर्वी खोकी बनत, त्या तळघरात आमचा सराव चालायचा. काका पहिल्यांदा आले तेव्हा जानेवारी होता. धुक्यानं संबळाचं कातडं सैल पडलं होतं. त्यांनी हीटरसमोर ते एखाद्या आजारी मांजरासारखं मांडीवर धरलं, बोटांनी चाचपलं, आणि पुरेसं तापल्यावर उभे राहिले. मग त्यांनी वाजवलं. गिटारवाला आपली गिटार विसरून जमिनीवर बसला. आवाज भिंतींवरून परत येत होता, ओल्या चुन्याचा वास घेऊन. थोड्या वेळानं त्यानं खालच्या सुरांत एक जाड, खरखरीत ओळ धरली, संबळाच्या पायाखाली सतरंजी अंथरल्यासारखी. काकांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि लय किंचित वाढवली. त्या दुपारी आम्ही तिघंही सुखी होतो. हे मी लिहून ठेवते आहे, कारण राग आला की माणूस असल्या दुपारी आधी पुसून टाकतो.

आठवड्यानं लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण उघडून गिटारवाला म्हणाला, "ताई, लिस्ट बहोत लंबी आहे यार. अकरा मिनिटं. गिटार पहिल्या मिनिटात यायला पाहिजे, नाही तर लोक पुढचं गाणं लावतात."

"मग काय ठेवायचं?"

"जी सगळ्यांना माहीत आहेत ती. बिल्कुल क्लासिक वाली."

त्यानं मला लॅपटॉप दिला, कारण शब्द माझ्याकडे होते. मी वाद घातला नाही. खरं तर मला त्याचं पटलं होतं. कवितेनं मला कापायला शिकवलं होतं. एक विशेषण जास्त झालं तरी ते मला दातात अडकल्यासारखं खुपायचं, आणि इथे तर नुसती नावं होती, एकामागे एक, ना प्रतिमा ना वळण. मी माहूरनंतरची जागा शोधली आणि पुढचं सगळं निवडून काढून टाकलं. पुढचं नाव कुणाचं आहे, हे ऐकायला किंवा आठवायलाही थांबले नाही.

काकांना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत होते.

"कोण कोण राहिलं?"

मी तिघींची नावं सांगितली.

"त्या न बोलावताही येतात गं," ते म्हणाले. "बोलवायचं असतं ते बाकीच्यांना."

"काका, गाणं आहे ते. खरा गोंधळ नाही."

त्यांनी चष्मा चढवला आणि ते म्हणाले, "बरं."

तो मी होकार समजले. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेला माणूस 'बरं' म्हणतो, तेव्हा फाईल जागची हललेली नसते, हे मला त्यांच्या अवतीभवती वाढूनही कळलं नाही.

पुढे गुडगावच्या एका मोठ्या मैदानातल्या संगीत महोत्सवात आम्हाला दुपारची चारची वेळ मिळाली. मंचामागच्या तंबूत गिटारवाल्यानं पिशवीतून कवड्यांच्या पाच माळा काढल्या.

काकांनी विचारलं, "कुठून आणल्यास?"

"सरोजिनीतून, काका. मस्त आहेत ना? पाचही जण घालू."

"म्हणजे बाजार अजून आहे तिथे."

"अरे, बाजार कुठे जातोय, काका. घ्या ना. सिर्फ लुक के लिए."

"लुक के लिए मी स्वेटर घातलाय," काका म्हणाले, आणि संबळाची दोरी कमरेला बांधू लागले.

त्यांनी माळेची गोष्ट सांगितली नाही. मी सांगायला हवी होती. मी माझ्या वाटणीची माळ हातात घेऊन उभी होते. कवड्या थंड होत्या, त्यांना चिकट वार्निशचा वास होता. मग मी ती गळ्यात घातली. फोटोंमध्ये ती आहे.

मंचावर आग चालणार नव्हती, म्हणून दिवटी न पेटवता काकांच्या पिशवीतच राहिली. सूर्य धुरकट हवेत नाण्यासारखा लटकला होता. काकांनी ठेका धरला. हजारेक माणसांचा गलका हळूहळू बसत गेला. तुळजापूर. कोल्हापूर. माहूर. अर्धा श्वास. गिटारी कोसळल्या, मैदानभर हात वर गेले.

आणि काका थांबले नाहीत.

चौथं नाव अर्धं बाहेर आलं तेव्हा ते माइकच्या जवळ सरकले होते. खाली यंत्रांमागे बसलेल्या ध्वनीवाल्यानं मान वर केली. गिटारवाल्यानं माझ्यादेखत त्याला बोटानं खूण केली: खाली घे. काकांचा आवाज पाण्यात बुडवल्यासारखा नाहीसा झाला. संबळाचा माइक वेगळा होता, तो चालू होता. त्यामुळे त्यांचे हात सगळ्या मैदानाला ऐकू येत होते आणि तोंड कुणालाच नाही. मी चार हातांवर होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. ते गिटारींच्या वरून ओरडत होते, सत्तरीतला माणूस, हजेरी घेत. लहानपणी झोपेत शिरलेली यादी माझ्या अंगात होतीच. ओठांवरून मला नावं कळत होती. पीर. चिंच. टेकडीवरचे.

माझ्या ओळीची जागा आली. मी गायले. मी बेसूर झाले नाही, ही गोष्ट मला अजून सहन होत नाही.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या, पुढच्या बँडची माणसं ड्रम उचलायला आली. काका तिथेच उभे राहून पुटपुटत होते. मी त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "थांब. सात राहिलेत."

सातही झाले. मग त्यांनी काठ्या कमरेला खोचल्या. आवाज पार फाटला होता, कान जवळ नेल्यावर कळलं, ते म्हणत होते, "दूध लागेल."

आमच्याकडे गोंधळ संपला की दिवटी दुधानं शांत करतात आणि आलेल्या सगळ्यांना नावानिशी परत पाठवतात. बोलावलं तितक्यांना निरोप द्यायचा. त्यात सूट नसते. मी म्हटलं, "काका, घरी जाऊन करू."

"दुपारपासून उभे आहेत ते. बसा म्हणालो, पण बसायला जागा होती का तिथे?"

तंबूत गिटारवाला घामेजलेल्या चेहऱ्यानं सगळ्यांना मिठ्या मारत होता. मी त्याला म्हटलं, "माइक का बंद केलास?"

"ताई, मिक्स खराब होत होता. सगळं गढूळ होत होतं. आणि ते वाजवत तर होते ना, संबळ एकदम क्लिअर होतं."

"ते बोलत होते."

"हां, पण काय बोलतायत ते कुणाला कळणार होतं?"

मी त्याला थोबाडीत मारली नाही. माझ्या गळ्यात त्याचीच माळ होती.

मैदानातल्या कॉफीच्या दुकानात ओटचं दूध होतं, बदामाचं होतं. "गायीचं?" म्हटल्यावर विकणाऱ्या मुलीनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. शेवटी फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेच्या चहावाल्याकडे अर्धा पेला दूध मिळालं. परत आत शिरताना सुरक्षारक्षकानं हात आडवा केला. "मॅडम, लिक्विड अलाउड नहीं."

काका आतून माझ्याकडे पाहत होते. माझी वाट पाहणं सोडून ते स्वतःच बाहेर आले, संबळ कमरेला, पिशवी हातात. भिंतीलगत फुटपाथवर त्यांनी रुमाल पसरला, दिवटी ठेवली, बिस्किटांचा डबा उघडला. चिंधीला तेल लावून काडी ओढली तसा रक्षक धावत आला.

"अंकल, इधर आग मत जलाओ."

"पाँच मिनट, भाई," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मेहमान हैं. विदा करना है."

"कितने हैं?"

"तिरसठ."

रक्षकानं रिकाम्या फुटपाथवर दोन्ही बाजूंना पाहिलं. "बस से आए थे?"

"अपने-अपने से आए थे."

"जल्दी करो फिर," तो म्हणाला, आणि फाटकाशी आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

काकांच्या गळ्यातून पुढे आवाज निघेना. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. शेवटी आलेला आधी जातो, म्हणून मी तळाकडून सुरुवात केली. कागद कडेनं पिवळे पडले होते, जुन्या शाईला लोखंडासारखा वास होता. प्रत्येकाचं गाव, प्रत्येकाची जागा: ओढ्यापलीकडे, शाळेमागे, बसथांब्याजवळचा दुसरा लिंब. मी वाचत गेले. आलात, उभे राहिलात, आता आपल्या ठिकाणी सुखानं जावं. भिंतीपलीकडून पुढच्या बँडचा घणघणाट फुटपाथच्या फरशांतून माझ्या गुडघ्यांत चढत होता. मी त्याच्या वरून वाचू लागले. मग ओरडू लागले. चहावाला बघत होता. मला लाज वाटली नाही. इतका राग होता की लाजेला जागा नव्हती. गिटारवाल्याचा राग, त्या बोटाच्या खुणेचा, वार्निशच्या कवड्यांचा, आणि ज्या तालमीनं मला यादी म्हणजे कविता नव्हे असं शिकवलं, तिचा. नुसती नावं, असं मी म्हटलं होतं. त्यातल्या एकेका नावामागे कुणीतरी ओट्यावर बसून, जरा आठवून, 'हो, लिहा' म्हटलेलं होतं.

सोळा राहिल्या तेव्हा गिटारवाला फाटकाशी आला. "ताई, ग्रुप फोटो राहिलाय. सगळे थांबलेत."

काकांनी मान वर केली नाही. "थांबू दे," ते कुजबुजले. "हे त्यांच्या आधीपासून थांबलेत."

त्यानं दिवटीकडे, डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "क्या कर रहे हो आप लोग?" आणि निघून गेला. मी पुढची चिठ्ठी घेतली.

सर्वांत वरची, म्हणजे सर्वांत आधी लिहिलेली, काकांच्या तरुण हस्ताक्षरातली होती. त्यावर आमच्या गावाचं नाव होतं. नदीच्या वळणावर सात आसरा, पाण्यातल्या देवी, आमच्या घराण्याच्या. माहूरच्या लगेच पुढचं, चौथं नाव. मी लॅपटॉपवर जिथे कापलं, त्या कापाच्या लगत त्या उभ्या होत्या, आणि काकांनी 'बरं' म्हणण्यापलीकडे मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

ती चिठ्ठी मी ओरडून वाचली नाही. नीट, थांबत वाचली.

"आणि त्या तिघी?" मी विचारलं.

"त्यांचं त्या बघतात."

त्यांनी दूध ओतलं. चर्र आवाज झाला, जळक्या दुधाचा आणि तेलाचा वास वर आला आणि रस्त्यावरच्या डिझेलमध्ये मिसळला. थोडं दूध माझ्या मनगटावर, महोत्सवाच्या कागदी पट्टीवर सांडलं.

रक्षकानं पाठमोरंच विचारलं, "गए सब?"

"गए," काका म्हणाले.

मी गळ्यातली माळ काढून डब्याशेजारी ठेवली; काकांनी ती उचलून फुटपाथच्या कठड्यावर नेऊन ठेवली, डब्यापासून लांब. मग मी मनगटावरची पट्टी ओढली. दिसायला कागद असला तरी ती तुटत नव्हती. शेवटी दातांनी तोडली.